अण्णांची पानं कुणी पुसली

त्या अँटिव्हायरस सॉफ्टवेअरच्या खोक्यावर ढाल छापलेली होती. त्या ढालीचा मला अजून राग येतो. नुसतं चित्र, पण येतो.

आई गेल्यावर वडील, आमचे अण्णा, सहा महिन्यांसाठी वेलिंग्टनला माझ्याकडे आले. सोबत पिशवीभर कागद. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर पेन्सिलीने लिहिलेल्या आठवणी. अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. लग्नानंतरची अकरा वर्षं दोघांनी धरणांच्या कामांवर, पत्र्याच्या क्वार्टर्समध्ये काढली. सुरुंगाचा भोंगा झाला की आई फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या उतरवून गादीवर ठेवायची. असलं सगळं त्यात.

"एक वही आणून दे. नीट उतरवून काढतो," ते म्हणाले.

"वही कशाला, अण्णा? कॉम्प्युटरवर टाइप करा. कागद फाटतो, हे कायम राहतं."

हे मी म्हणालो. मी, सरकारी खात्याचे सर्व्हर सांभाळणारा.

मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम चुलतभावाने दिलेल्या सीडीवरचा, चोरीचा. आपल्यात फाँट विकत कोण घेतं! अण्णा एका बोटाने टाइप करत. पान झालं की तो कॅलेंडरचा कागद स्वतः नेऊन रद्दीच्या डब्यात टाकत. घरात पसारा नको, हेही मीच म्हणालो होतो.

ढालवाल्या सॉफ्टवेअरला ती सीडी पटेना. अण्णांनी सेव्ह केलं की लाल चौकट यायची: हा प्रोग्रॅम तुमच्या फाइल्स बदलतोय, बदलू द्यायच्या का? अण्णा मला ऑफिसात फोन करत.

"अरे, ते लाल आलंय पुन्हा."

"यस दाबा, अण्णा."

"बघ हं. एवढं विचारतंय म्हणजे काहीतरी असेल."

"तुम्ही दाबा हो! मीटिंगमध्ये आहे मी."

पाचव्या फोनच्या दिवशी घरी आलो आणि बूटही न काढता 'पुन्हा विचारू नका'वर खूण केली. लाल चौकट गेली. कोपऱ्यात हिरवी खूण आली.

"आता कसं शांत झालं," अण्णा म्हणाले.

ऑगस्टातल्या एका सकाळी त्यांनी फाइल उघडली तर नुसते चौकोन. दुसरी उघडली, तेच. एकशे बारा पानं. त्या चोरीच्या प्रोग्रॅममध्ये दडलेल्या कशाने तरी सगळ्या फाइल्सवर कचरा लिहून ठेवला होता. कोपऱ्यात हिरवी खूण तशीच. निर्लज्ज!

मी सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावून भांडलो. तुमची ढाल काय पूजेला ठेवायची? पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, कुणी काय बदललं त्याची नोंद त्यातच असते, उघडून बघा. उघडली. बदल करणारा: तो प्रोग्रॅम. परवानगी देणारा: पुढे माझं लॉगिन.

बॅकअप? ऑफिसात त्यावरून मी लोकांना झापत असे. बापाच्या पानांची एक प्रत काढली नव्हती.

अण्णा मागे उभे होते, चष्मा हातात. त्यांनी तो डोळ्यांवर चढवायच्या आत मी नोंद बंद केली आणि म्हणालो, "अण्णा, तुम्ही काहीतरी भलतंच दाबलंत."

माझी मुलगी टेबलाशी ब्रेकफास्ट करत होती. "इट्स ओके, आजोबा. हीप्स ऑफ पीपल डू दॅट."

बाहेर वाऱ्यात जाऊन अण्णांनी रद्दीचा डबा आडवा केला. कौन्सिलची गाडी दर आठवड्याला तो रिकामा करायची. तळाशी कॅलेंडरचे दोन कागद निघाले. ते त्यांनी घडी करून स्वेटरच्या आत ठेवले.

मी त्या कंपनीला शिव्या दिल्या, चुलतभावाला दिल्या, सीडीचे तुकडे केले. वर्षानुवर्षं पार्ट्यांमध्ये ही गोष्ट रंगवून सांगितली: बिनकामाची ढाल, आणि बिचारे आमचे अण्णा, कुठेतरी बोट लागलं. लोक हसायचे. मी हसू द्यायचो. त्या लाल चौकटीने पाच वेळा विचारलं होतं, हे कधी सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

अण्णांनी पुन्हा लिहिलं नाही. फोनवर विषय काढला की म्हणायचे, "नको रे, माझा हात वाईट." तीन वर्षांनी ते गेले, तोवर त्यांचं हेच मत होतं.

त्या वेळी भारतात परत जाताना विमानतळावर त्यांनी माझं मनगट धरलं होतं. "तुझा कॉम्प्युटर बिघडवला मी. रागावला नाहीस ना?"

"असू दे, अण्णा," मी म्हणालो. "होतं असं."

माफ केलं मी त्यांना.