माझ्या कळा आणि तात्यांचं घड्याळ

माझ्या धाकट्या चुलत्यांच्या, म्हणजे आमच्या तात्यांच्या, लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती: वेळेवर निघणारी आणि उशिरा निघणारी. गरीब-श्रीमंत, शहाणं-वेडं हे बाकीचे फरक त्यांना दिसतच नसत. इंदापूरच्या स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी किती वाजता आली नि किती वाजता सुटली, हे खिडकीत बसून लिहायचं. नोकरी आठ तासांची, पण तात्या घरी आले तरी ती संपत नसे. म्हैस किती वाजता पान्हावली, पाहुणे किती वाजता आले आणि 'निघतो, निघतो' म्हणत प्रत्यक्षात किती वाजता उठले, सगळं खिशातल्या वहीत. माझ्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं, "सात मिनिटं लेट."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते. वडील मागेच वारलेले. घरात आई, तात्या आणि काकू. मी बारावी पास, त्यातून गर्भारपणावरचं एक पुस्तक दोनदा वाचलेली, म्हणजे गावातल्या सुईणीपेक्षा मला जास्त कळतं याची मला पक्की खात्री. दिवस भरत आले तसं पोटात जरा काही हललं, की मी 'आई गं' करून खांबाला धरायची आणि कुणी बघतंय का ते बघायची. पहिल्यांदा अशीच जीप काढायला लावली. बारामतीच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं पोटावर हात ठेवला नि विचारलं, "काय खाल्लं हुतं?"

"वांग्याचं भरीत," आई म्हणाली. आम्ही परत.

दुसऱ्यांदा मात्र पोट खरंच दगडासारखं घट्ट होत होतं. सिस्टरनं मला व्हरांड्यात चालायला लावलं. चार फेऱ्यांत सगळं ओसरलं. "ही नुसती तयारी हाय, बाई," ती म्हणाली. "खरी कळ चालून थांबत न्हाय, आडवं पडून थांबत न्हाय. आन् जवळ जवळ यायला लागती." पुन्हा परत. घरापुढं उतरताना जीपवाला म्हणाला, "ताई, आता पास काढा."

त्यानंतर मी तोंड शिवलं. आधीच पाय सुजलेले, कूस बदलायची तर भिंतीचा आधार, रात्रीची झोप नाही, आणि वर ही शोभा. आता काही झालं तरी बोलायचं नाही.

आणि मग एका सकाळी कंबर धरली. पाळीत दुखते तशी, मागून पुढं येणारी. चिकट, लालसर डागही दिसला. पुस्तकात त्यावर आख्खं पान होतं. पण आता पुस्तकावर कोण विश्वास ठेवणार? मी सूप घेऊन गहू निवडत बसले. दुखायला लागलं की सूप खाली ठेवायची, ओसरलं की उचलायची. ओट्यावर तात्या. उभ्या नोकरीत सणाला रजा न घेतलेल्या या माणसानं त्या आठवड्यात रजा टाकली होती, आणि का, ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"वैनी," ते आतल्या दिशेनं ओरडले, "पोरगी सूप खाली ठेवती हाय."

"ठेवू द्या की. हात अवघडला असंल."

"हात न्हाय. नऊ अठराला ठेवलं. नऊ चौतीसला ठेवलं. नऊ अठ्ठेचाळीसला. मग धाला. आन् आता धा धाला."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "कळा येत्यात का गं?"

"न्हाय, नुसती कंबर..."

"भरताची गाडी कवाबी येती, कवाबी जाती," तात्या उभे राहिले. "ही टायमानं चाललीया. साडेअकराला उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या, की बारामती लांब हाय. उठा!"

"तात्या, परत हसतील हो सगळी."

"हसू दे. हसणं ऐकून परत येऊ."

निम्म्या वाटेत, जीपमध्येच, माझं पाणी गेलं. दवाखान्यात सिस्टरनं माझं लुगडं बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. पाणी हिरवट होतं. बाळानं पोटातच शी केली होती, त्याचे ठोकेही मंदावत होते. डॉक्टरीणबाई आईला एवढंच म्हणाल्या, "बरं झालं आत्ता आणलीत. संध्याकाळी आणली असती तर मी काही सांगू शकले नसते." सिझर झालं. मुलगी. रडायला तिनं जरा वेळ घेतला, पण रडली.

शुद्धीवर आले तेव्हा काकू उशाशी होत्या. बाळाचं दुपटं सारखं करत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आमच्या येळंला माझी बी कंबरच दुखत हुती. हे म्हणाले, दुपारची गाडी काढून येतो. आले तवर उशीर झाला. मुलगा हुता."

तात्या-काकूंना मूलबाळ नव्हतं. का, हे मी एकवीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. वहीला मात्र पोट धरून हसले होते.

थोड्या वेळानं तात्या दारात आले. आता जन्मवेळ सांगणार, मिनिटासकट, अशी माझी खात्री. ते बाळाकडं बघत उभे राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "दमलीस का गं, बाय?"

मी "व्हय तात्या" म्हणाले आणि मला रडूच फुटलं. नऊ महिने मला सगळ्यांनी विचारलं होतं, काय खाल्लं, कुठं दुखतं, कितवा चालू आहे. हे कुणी विचारलं नव्हतं.

आता मी आजी झाले. तात्या जाऊनही बरीच वर्षं झाली. कुणा बाळंतिणीला बघायला गेले, की बाळाभोवती गर्दी असते. ते काय, आज ना उद्या मांडीवर येतंच. मी आधी पलंगाशी तिच्याजवळ जाऊन बसते.