लायब्ररीतला फोन

कपाशीवर फवारणी करता करता आमच्या भागात माणसं दगावू लागली, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमच्या तालुक्याच्या वकील संघाकडे सभासदांसाठी ग्रुप विमा होता, आरोग्य तपासणी होती, लायब्ररी होती. त्यात आणखी एक सोय झाली. मन जड झालेल्या वकिलाने नाव न सांगता फोन करून बोलावं. कोर्टाच्या इमारतीतल्या लायब्ररीतल्या जुन्या फोनवर समोरचा नंबर दिसत नसे. दुपारचा एक तास तो मी सांभाळायचो. दोन महिने कुणाचाच फोन आला नाही. वकिलांच्या बाररूममध्ये त्यावर हसणं चालायचं.

मग एका सोमवारी तो वाजला. मी 'बोला' म्हटलं. पलीकडे नुसता श्वास. मंगळवारी तसंच, बुधवारीही. घरी जेवायला बसलो तरी तो श्वास माझ्या कानात असायचा.

गुरुवारी फोन कानाला असतानाच शिपायाने व्हरांड्यात पक्षकारांचा पुकारा केला. तो मला दारातून ऐकू आला, आणि फोनमधूनही. माणूस ह्याच इमारतीत होता.

"फोन ठेवू नका, मी येतो," एवढं बोलून मी रिसीव्हर टेबलावर टाकला आणि एकेक दार ढकलत निघालो. जिन्याशेजारी संघाची जुनी खोली होती. तिला आतून कडी. हाक मारली. खांद्याने रेटलं तेव्हा कडी निघाली.

आत माझे सिनिअर बसले होते. त्यांच्याच हाताखाली मी सहा वर्षं वकिली शिकलो. मोबाइल अजून कानाला होता. समोर फवारणीच्या प्रकरणांच्या फायली, आणि अशिलाने पुरावा म्हणून आणून दिलेली फवारणीच्या औषधाची बाटली. तिचं सील फोडलेलं होतं.

"सर, मले काहून नाही सांगितलं?"

"बोलताच येऊन नाही राह्यलं," ते म्हणाले. "फवारणीत गेलेल्यायच्या बायका सांगतात, मी लिहितो. आता डोळे मिटले का त्यायचेच आवाज येतात."

बाटली भरलेलीच होती. मी ती उचलली. त्यांनी अडवलं नाही.

त्यांच्या मुलीला बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून त्यांना यवतमाळच्या डॉक्टरांकडे नेलं. तीन महिन्यांनी ते कोर्टात परतले, पण फक्त वाटणीचे दावे घेऊ लागले. त्या दुपारबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

त्यांच्या फवारणीच्या फायली संघाने माझ्याकडे दिल्या. पहिल्या शपथपत्रासाठी मारेगावकडची एक बाई आली, समोर बसली आणि फवारणीत गेलेल्या नवऱ्याचं सांगू लागली, मी लिहू लागलो. दुसऱ्या पानावर माझा हात थांबला. ती बोलतच राहिली.