आधी पायांना हात लावणाऱ्या हमीदाबाई

श्रीमती हमीदाबाई मुजावर यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या एका म्हाताऱ्या रोग्याच्या पायांना हात लावीत होत्या. साठचे दशक संपत आले होते. नर्सिंग शिकायला मी चंदगडहून कोल्हापूरला आले होते आणि पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डातला तो माझा पहिला दिवस होता. सकाळी ड्यूटी हाती घेताना बाई रिपोर्टबुक उघडण्याआधी प्रत्येक खाटेपाशी जात, चादर सारून रोग्याच्या पावलांना, मग नडगीला, मग गुडघ्याला हाताची मागची बाजू लावीत. मला वाटले, किती या नम्र! घरी तसे पत्रही लिहिले. बाईंच्या कानावर ते गेले तेव्हा त्या खो खो हसल्या. "आगं, पाया न्हाय पडत मी. गार हाईत का बघतो!"

बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या समितीने मला 'त्यांच्या मायेविषयी व सेवाभावाविषयी' लिहिण्यास कळवले. ते पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टर निवृत्त झाले की आपण त्यांच्या निदानाबद्दल लिहितो, आणि नर्स निवृत्त झाली की तिच्या हसऱ्या चेहऱ्याबद्दल! बाईंच्या ठायी माया आहेच. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी ईदेला आम्ही मुली हक्काने जेवायला जात असू. पण तीस वर्षे रोग्यांच्या उशापायथ्याशी उभे राहून त्यांनी जे मिळवले त्याला ज्ञान म्हणतात, आणि ते मान्य करताना आपली जीभ का अडखळते, हे मला आजवर कळलेले नाही.

हे ज्ञान त्यांना फुकट मिळालेले नव्हते. "सुरवातीला मीबी नुसता कागदच बघायचो," त्या सांगत. "बीपी चांगलं हाय म्हनून गप बसलो, आन् दोन मान्सं हातातनं गेली. दोघांचंबी पाय आधीच गार पडलं हुतं. तवापास्नं पाय सोडलं न्हाईत." आम्हाला त्या दहा मिनिटे नुसते रोग्याजवळ बसवीत, मग काय दिसले ते विचारीत. 'बरा दिसतो' म्हटले तर परत पाठवीत. ओठ कसे आहेत, पाणी किती वेळा मागितले, कूस का बदलतो, हे सांगता येईपर्यंत आमची सुटका नसे.

आता ज्या घटनेसाठी मी हा लेख लिहिते आहे ती सांगते. बिद्रीकडचे गणपतराव नावाचे एक गाडीवान उसाची गाडी कलंडून डाव्या कुशीवर पडले होते. दोन दिवसांत त्यांना बरे वाटू लागले आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडायचे ठरले. मार्चातली दुपार होती, वॉर्ड नुसता भाजत होता. बाईंनी त्यांच्या पायांना हात लावला, तशा त्यांच्या पत्नी गडबडीने पुढे झाल्या. "अवो बाई, तुमी का पाया पडताय? आमीच तुमच्या पडाय पायजे की!" बाई हसल्या नाहीत. त्यांचा हात गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पाय गार होते, नाडी धावत होती, आणि गणपतराव पुन्हा पुन्हा पाणी मागत होते.

बाईंनी ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांना सांगितले, की यांना आतून रक्तस्राव होतो आहे. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला. तो ठीक होता. बाईंनी पुन्हा सांगितले. "पायांवरून निदान करायचं कुठल्या पुस्तकात लिहिलंय, सिस्टर?" असे म्हणून ते निघून गेले. रक्तदाबाचे यंत्र हातात घेऊन मी शेजारीच उभी होते. बाईंनी मला खाटेपाशी बसवले आणि त्या स्वतः तडक मोठ्या सर्जनकडे गेल्या. तासाभरात गणपतरावांचे पोट उघडले गेले. पानथरी, म्हणजे प्लीहा, फाटली होती. ते वाचले.

पुढे झाले ते असे. इस्पितळाच्या सभेत त्या तरुण डॉक्टरांचे 'वेळीच केलेल्या निदानाबद्दल' अभिनंदन झाले, आणि 'डॉक्टरांना न कळवता वॉर्ड सोडला' म्हणून बाईंची चौकशी लागली. त्या चौकशीत मला बोलावले. सिस्टरांनी डॉक्टरांना आधी सांगितले होते का, एवढा एकच प्रश्न होता. परीक्षा तोंडावर होती आणि ते डॉक्टर आम्हाला शिकवीत असत. मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

बाईंच्या नोकरीच्या कागदांत ठपका आला. मेट्रनची जागा दोनदा त्यांच्यासमोरून गेली आणि त्या वॉर्ड सिस्टर म्हणूनच निवृत्त झाल्या. मला त्यांनी एका शब्दाने दुखावले नाही. उलट त्याच आठवड्यात माझी प्रात्यक्षिकाची तयारी करून घेतली. मी रडू लागले तेव्हा म्हणाल्या, "रडायचं मागनं. आदी त्या सात नंबरचं पाय बघून ये जा." आज मी स्वतः मुलींना शिकवते. बाईंची ही रीत आता पाठ्यक्रमातही आहे, मात्र त्यांचे नाव कुठेच नाही.

समितीतील एका सद्गृहस्थांनी मला समजावले, की शुभप्रसंगी जुनी मढी उकरू नयेत. मढी कसली? बाई हयात आहेत, ठपकाही तसाच आहे, आणि गप्प राहणारी मीही आहे. म्हणून या ग्रंथात, सर्वांसमक्ष, माझ्या सहीने लिहून देते: त्या दुपारी हमीदाबाईंनी डॉक्टरांना दोन वेळा स्पष्ट शब्दांत सांगितले होते. मी दोन्ही वेळा ऐकले. चौकशीत मी खोटे बोलले. हा मजकूर गाळायचा असेल तर संपादकांनी माझा सगळा लेखच गाळावा.

हमीदाबाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. तो ठपका खोडलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, एवढी माझी प्रार्थना आहे. त्यासाठी चौकशी पुन्हा उघडावी लागली तर उघडा, आणि साक्षीला मला बोलवा. माझं लक्ष होतं.