अब्बांच्या बोटांचे ठसे
कल्हईच्या धुराचा वास आला की मला पासपोर्ट ऑफिस आठवतं. बहिणीचं दुबईत बाळंतपण होतं, म्हणून अम्मी-अब्बांना घेऊन मी उंब्रजहून त्या ऑफिसात दुसऱ्यांदा गेलो होतो. पहिल्या खेपेला अम्मीच्या नावाचं स्पेलिंग जुळलं नव्हतं. आता कागद जुळले, तर मशीन अब्बांच्या बोटांचे ठसेच घेईना. "बोटं पुसून पुन्हा ठेवा," खिडकीतल्या बाई म्हणत राहिल्या. सहाव्यांदा मी वैतागून अब्बांचा हात धरला आणि काचेवर दाबला. "अब्बा, नीट दाबा की!" अब्बा बाईंना म्हणाले, "आवं मॅडम, जल्मभर निखाऱ्यावर भांडी कल्हई केली. ठसं कुठनं ऱ्हातील?" बाईंनी ओल्या रुमालानं त्यांची बोटं चोळली, तेव्हा कुठे दोन ठसे उमटले. पासपोर्ट आले, नातूही बघून झाला. पण अब्बांची बोटं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, तीही चिडून.