रऊफ कातिब आणि नाजियाची सीडी

अकोल्याच्या बैदपुऱ्यात रऊफ कातिबांचं घर विचारलं, तर जुनी माणसं बोट धरून नेऊन सोडतील. उर्दूतल्या लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, कबरींवरची नावं, पंचवीस-तीस वर्षं सगळं त्यांच्याच हातचं. बरूच्या कलमाला तिरका काप द्यायचा, ते शाईत बुडवायचं, आणि श्वास रोखून बटर पेपरवर अक्षर उतरवायचं. त्याचा छपाईचा ब्लॉक होई आणि थोरल्या भावाच्या छपाईच्या दुकानात पत्रिका छापून निघे. भाऊ वारला तेव्हा दुकान त्याच्या मुलाकडे, अफनानकडे आलं. घर एकच होतं. अफनाननं बैठकीत कम्प्युटर आणून ठेवला आणि मराठी, इंग्रजी पत्रिका तो त्यावरच करू लागला. उर्दूचं काम आलं की म्हणायचा, "चाचा, हे तुमचं."

२००६ साली चिकुनगुन्याची साथ आली. गल्लीत एक घर सुटलं नाही. रऊफचाचांचा ताप चार दिवसांत उतरला, पण बोटांचे सांधे धरले ते धरलेच. महिना गेला, दोन गेले. कलम हातात राहीना. सरळ उभ्या रेघेचा अलिफ काढायला घेतला तर मध्येच वाकडा व्हायचा. एक दिवस त्यांनी कलमं धुतली, वाळवली आणि बायकोला म्हणाले, "नसीम, ठेव हे कुठंतरी." नसीमबानोनं ती फडताळात सारली.

त्यांची मुलगी नाजिया तेव्हा कॉलेजात कम्प्युटर शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. अफनान दुपारी दुकानात गेला की तिला घरचा कम्प्युटर मिळायचा. एके दिवशी ती पोस्टानं आलेलं एक पाकीट घेऊन बापापुढं बसली. आत एक सीडी होती.

"अब्बा, ही लिनक्सची सीडी हाये. विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम. फुकट मागवली. याच्यात उर्दू लिहिता येते."

"अन् अफनानचं काम?"

"त्याले धक्काबी लागत नाही. त्याचं विंडोज त्याच्या जागी. हे बाजूले टाकू. कम्प्युटर चालू केला का तो इचारते, कोनतं उघडू म्हून."

अफनान आधी नको म्हणाला. मग त्यानं चाचाच्या हाताकडे पाहिलं. "टाक. पन माह्या फायली गेल्या तर पाह्य," एवढंच म्हणाला.

शुक्रवारी नमाजहून आल्यावर बाप-लेक कम्प्युटरपुढं बसले. नाजियानं आधी डिस्कचा चौथा हिस्सा मोकळा करून घेतला. त्या वेळी तिचं तोंड असं सुकलं होतं, की रऊफचाचांनी उठून तिला पाणी आणून दिलं. तासाभरानं पडद्यावर दोन नावं एकाखाली एक आली. तिनं पहिल्यांदा अफनानचं उघडून दाखवलं, सगळ्या पत्रिका जागच्या जागी. मग आपलं उघडलं.

अक्षरं आली, पण ताठ उभी. रऊफचाचा बघत राहिले. "हे तर अखबारातल्या अरबीसारखं दिसते बेटा. पत्रिकेत असं चालत नाही. आपलं अक्षर उतारावरून उतरल्यासारखं पाह्यजे." नाजिया चार दिवस सायबर कॅफेत जाऊन तसली अक्षरं शोधून घेऊन आली. ती बसवल्यावर चाचांनी एका बोटानं, कळ शोधत शोधत, आपलं नाव लिहिलं. रे, हमजा, वाव, फे. अक्षर उतारावरून उतरलं. "नुक्ता जरा वर गेला," ते टिंबावर बोट ठेवून म्हणाले, पण डोळे पुसले त्यांनी.

लिनक्सकडून प्रिंटर चालेना. मग लिहिलेल्याचा फोटो करायचा, तो अफनानच्या बाजूला न्यायचा आणि तिकडून छापायचा, असा रस्ता नाजियानं काढला. अशा दोन पत्रिका झाल्या. एक पातूरची, एक गल्लीतलीच. पातूरवाले म्हणाले, "चाचांचा हात बरा झाला वाटते." चाचांनी ते खोडून काढलं नाही.

तिसरी पत्रिका आली नाही. त्या वर्षांत खेड्यापाड्यांत कापसानं कुणाला उभं राहू दिलं नव्हतं. लग्नं लांबत होती, नाही तर सामुदायिक मेळाव्यात उरकत होती. पन्नास जोडप्यांची मिळून एकच पत्रिका निघे, आणि तीही मराठीत. दुकानाचं शटर अफनान उशिरा उघडू लागला, लवकर पाडू लागला. मग त्यानं बॅनरची कामं धरली. बॅनरच्या फायली मोठ्या. कम्प्युटर रोज सांगायचा, जागा संपली.

एका दुपारी नाजिया कॉलेजात होती. रऊफचाचा दिवाणावर बोटं शेकत बसले होते. अफनान म्हणाला, "चाचा, तुमचं ते उर्दूवालं दोन महिन्यांत कोनी उघडलं नाही. काढून टाकू का? मले जागा नाही काम कराले."

रऊफचाचांना वाटलं, नाजियाला विचारावं. पण अफनानच्या कपाळावरचा घाम त्यांना दिसत होता आणि घर त्याच्याच कामावर चाललं होतं. ते म्हणाले, "तुले समजते तसं कर."

अफनाननं तो हिस्सा पुसला. कम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पडदा काळा झाला, वर इंग्रजीत एक ओळ, तिच्या शेवटी एक आकडा. विंडोजही उघडेना. दहा वेळा करून पाहिलं. शेवटी गल्लीच्या टोकाच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "दोन सिस्टिम टाकल्या का असंच होते," आणि विचारल्यासारखं करून त्यानं सगळी डिस्क कोरी करून टाकली. बॅनर गेले. चार वर्षांच्या पत्रिकांचे नमुने गेले.

नाजिया घरी आली तेव्हा दुरुस्तीवाला अजून दारातच होता. पडद्यावर कोणती ओळ, कोणता आकडा दिसला, ते त्यानं सांगितलं. अफनान घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस ओरडतो. "तुह्या सीडीनं झालं हे! सांगतलं होतं का नाही मी?"

नाजियानं विचारलं, "भाईजान, कोनी काही पुसलं का त्याच्यातलं?"

अफनाननं चाचाकडे पाहिलं. नाजियानंही अब्बांकडे पाहिलं. रऊफचाचा कपड्यात गुंडाळलेली बोटं बघत म्हणाले, "मले त्यातलं काय समजते बेटा."

त्या दिवसापासून कम्प्युटरला तिनं हात लावायचा नाही असं ठरलं. ठरवलं अफनाननं, मान डोलावली सगळ्यांनी. नाजियानं भांडण केलं नाही. प्रॅक्टिकलची तयारी कॉलेजात जेवढी होईल तेवढी केली, आणि एका विषयात ती राहिली. पुन्हा फॉर्म भरायचा का, हे कुणी काढलंच नाही. पुढच्या वर्षी परतवाड्याचं स्थळ आलं. मुलाचं लाकडाचं काम, माणसं बरी. पत्रिका उर्दूत हवी होती. ती अफनाननं अमरावतीहून करून आणली. रऊफचाचांनी ती एकदाच वाचली.

दोन वर्षं त्यांनी ती गोष्ट उरात ठेवली. मग नाजियाला मुलगा झाला तेव्हा ते एकटेच परतवाड्याला गेले. बाळाला पाहिलं, जेवण झालं, जावई दुकानात गेला. लेक बाळाचे कपडे घडी करत होती. तेव्हा ते एका दमात बोलले, "नाजिया, ते अफनाननं पुसलं होतं. मले विचारून पुसलं. मीच हो म्हटलं."

तिचे हात थांबले नाहीत. "मले मालूम हाये अब्बा. कोनतं उघडू म्हून इचारनारं त्या हिश्श्यातच होतं. तो हिस्सा पुसल्याशिवाय पडद्यावर तो आकडा येत नाही. त्या दिवशीच समजलं होतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी बोलसान म्हून थांबली होती."

 रऊफचाचांनी विचारलं, तो राहिलेला विषय अजून देता येतो का. ती म्हणाली, आता अभ्यासक्रमच बदलला. तेवढ्यात बाळ उठलं आणि ती त्याला घेऊन आत गेली. आतून तिच्या सासूचा आवाज आला, चहा टाकू का म्हणून.

चहा पिऊन ते निघाले. अंजनगावपर्यंत जीप मिळाली, तिथून बस. घरी पोचल्यावर नसीमबानोनं विचारलं, "खुश हाये ना पोरगी?"

"हाये," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.