सारिकाच्या नावाच्या पाच राख्या

शैलजाबाई टेंबे दुपारच्या झोपेला आळस म्हणतात आणि हा आळस रोज अडीच वाजता नेमाने करतात. संस्थेच्या मागच्या खोलीत, विणून झालेल्या सतरंज्यांच्या थप्पीशेजारी, त्यांची खाट आहे. तिच्यावर पाठ टेकली की पुढच्या खोलीतल्या मागांचा खटखटाट हळूहळू लांब जातो. डोक्यातली माणसंही एकेक करून उठून जातात. आज मात्र एक माणूस हलायला तयार नाही.

तो जालिंदर. जालिंदर थोरवत उद्या सकाळी कारागृहातून सुटणार आहे. दहा वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नाच्या वरातीत, पोटात दारू आणि डोक्यात राख अशा अवस्थेत, वाजंत्री कुठे थांबवायची यावरून त्याने भांडण काढलं आणि नवरदेवाच्या चुलतभावाच्या डोक्यात दांडा घातला. तो माणूस दवाखान्यात पोचायच्या आत गेला. बहीण, सारिका, त्याच घरात नांदायला गेली आणि आजही नांदते आहे. दहा वर्षांत तिने भावाला एक अक्षर लिहिलेलं नाही. राखी मात्र गेली पाच वर्षं न चुकता येते. ती शैलजाबाई पाठवतात.

आता ह्याला खोटेपणा म्हणायचं की काय म्हणायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. शैलजाबाई त्याला काम म्हणतात. त्यांची संस्था दर मंगळवारी कारागृहात जाते. आतल्यांना माग शिकवते, वकिलांच्या मागे लागते, घरच्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसते आणि सुटणाऱ्याला कामाला लावेपर्यंत पाठ सोडत नाही. सहा वर्षांपूर्वी हा जालिंदर कुणाशी बोलत नव्हता, धड जेवत नव्हता, मागाला हात लावत नव्हता. रक्षाबंधनाच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसलेला त्यांनी त्याला पाहिला आणि पुढच्या वर्षी बहिणीच्या नावाने राखी धाडली. सारिकाच्या तालुक्याला जाऊन तिथल्या पोस्टात टाकली, शिक्का तिथला पडावा म्हणून. त्या राखीने जे केलं ते संस्थेच्या बारा व्याख्यानांनी केलं नव्हतं. जालिंदर माणसात आला. आज त्याच्या हातची सतरंजी बाजारात मागून घेतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण उद्या ती उघडायची वेळ आलीये. मागच्या आठवड्यात शैलजाबाई सारिकाकडे जाऊन आल्या. तिने पाणी दिलं, बसायला दिलं आणि सांगितलं की ह्या घरात त्या माणसाचं नाव निघत नाही, त्याने इकडे फिरकू नये. जालिंदर मात्र भेटेल तेव्हा एकच विचारतो, सारी येणार ना गेटवर? आज चार वाजता त्याची सुटण्याआधीची शेवटची मुलाखत, म्हणजे जाळीआडची भेट, आहे. शैलजाबाईंचं उत्तर तयार आहे. सारिकाला ताप आहे म्हणायचं. पुढचं पुढे बघता येतं. उत्तर सुचलं नाही असं त्यांचं आयुष्यात कधी झालेलं नाही.

माग थांबतात.

खोलीत कुणीतरी उभं आहे. त्यांच्याकडे पाठ, तोंड बंद दाराकडे, हात खाली सोडलेले. शैलजाबाई पाठीवरून माणूस ओळखतात. सिद्राम मेत्रे. जन्मठेप भोगून संस्थेत आलेला सोलापूरचा विणकर. अकरा वर्षं इथे राहिला, इथले सगळे माग त्याने बसवले आणि गेल्या आषाढात झोपेतच गेला. त्याला अग्नी देताना शैलजाबाई स्वतः हजर होत्या. तरी त्यांना नवल वाटत नाही. एवढंच वाटतं की सिद्रामअण्णा अजून दारापुढे थांबतात. आत बरीच वर्षं काढलेल्या माणसांची ही सवय असते. दार आपण उघडायचं असतं हेच ती विसरतात, कुणी उघडेपर्यंत तशीच उभी राहतात.

शैलजाबाई सवयीने उठतात आणि दार उघडतात.

दाराबाहेर अंगण नाही. सोलापूरचं बसस्थानक आहे, फलाटावर ऊन पसरलंय आणि एकही गाडी नाही. सिद्राम बाकावर बसलाय, शेजारी सुताचं गाठोडं. त्याचं डोकं तुळतुळीत आहे.

ते डोकं त्यांना आठवतं. एका मार्गशीर्षात तो सूत आणायला म्हणून दोन दिवस सोलापूरला गेला आणि गोटा करून आला. शैलजाबाईंनी भर जेवणाच्या पंगतीत विचारलं होतं, काय अण्णा, तिरुपतीला जाऊन आलात की काय? सगळे हसले होते. तोही हसला होता.

आता तो हसत नाही. रागावलेलाही दिसत नाही. गाठोडं सरकवून त्यांना बसायला जागा करून देतो.

"आई गेली तवाचं हे," तो डोक्यावरून हात फिरवत म्हणतो. "दुसऱ्याच्या तोंडून कळलं. मी पोचेस्तोवर समदं आटपलं हुतं. केस तेवढे देऊन आलो."

शैलजाबाईंना काहीतरी बोलायचं असतं, पण हाताला पीठ लागलेलं आहे. त्या स्वयंपाकघरात आहेत. तवा तापलाय, पोळपाटावर शेंगाची पोळी लाटलेली आहे आणि बाजूला वर्तमानपत्र पसरलंय, गरम पोळ्या निववायला. दर संक्रांतीला त्या अशा दहा पोळ्या करत, कागदात बांधून सिद्रामच्या हातात देत आणि सांगत, अण्णा, तुमच्या आईने धाडल्यात, गावाकडचा माणूस देऊन गेला. म्हातारीने लेकाचं तोंड पुन्हा बघणार नाही असं सांगितलं होतं. ते शैलजाबाईंनी त्याला कधी कळू दिलं नाही. त्याबद्दल त्यांना स्वतःचं थोडं कौतुकच होतं.

पोळी तव्यावर पडते आणि त्याच क्षणी त्यांना महिने आठवतात. मार्गशीर्ष. मग पौष. मग संक्रांत.

"त्या वर्षीही मी तुम्हाला पोळ्या दिल्या," त्या म्हणतात.

"दिल्या की. आईनं धाडल्या म्हनून दिल्या." सिद्राम चुलीशी उकिडवा बसलाय आणि पोळीचा तुकडा मोडतोय. "आई जाऊन महिना झाला हुता."

"आणि तुम्ही खाल्ल्यात."

"दोन खाल्ल्या. ब्येस झाल्यात म्हनलं."

हेही खरं आहे. तो म्हणाला होता. शैलजाबाईंना इतकी लाज आजवर कधी वाटलेली नाही. त्या ओट्याला टेकून उभ्या राहतात. पोळी जळतेय, पण उलथनं कुठे ठेवलंय ते सापडत नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं दुसऱ्या कुणाचं असतं तर त्या म्हणाल्या असत्या. स्वतःबद्दल म्हणवत नाही.

त्या विचारतात, तेव्हाच का नाही बोललात? सिद्राम म्हणतो, तुम्हाला वाईट वाटलं असतं. एवढ्या मायेनं करता, कोन तोडनार तुमचं मन? मग तो हात झटकतो आणि विणताना सुटलेला धागा शोधावा तसं हळू बोलतो.

"बाई, त्येचं काय न्हाई. पर पयल्या साली मला खरंच वाटलं. म्हातारीचा राग गेला म्हनलं. आता काय, कवाबी जाता येतंय. म्हनून गेलोच न्हाई. दोन वर्सं न्हाई गेलो."

"नाहीतर गेला असतात?"

"गेलो असतो. दारात बसलो असतो. तिनं हाकललं असतं, पुन्यांदा गेलो असतो. काय झालं असतं कुनास ठावं. पर ते माझं मला बगाय पायजे हुतं."

शैलजाबाई पदराने डोळे पुसतात. पुसून हात खाली घेतात तर समोर जाळी आहे.

कारागृहाची मुलाखतीची खोली. जाळीच्या ह्या बाजूला लग्नाचा मांडव घातलाय, आंब्याच्या डहाळ्या, कागदी पताका. वरात उभी आहे. वाजंत्रीवाले वाद्यं तोंडाला लावून तसेच थांबलेत, आवाज नाही. नवरीच्या वेषातली सारिका मुंडावळ्या बाजूला करून शैलजाबाईंकडे बघते. त्या बघण्यात राग नाही. नुसतं विचारल्यासारखं आहे, की माझ्या नावाने माफी द्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? शैलजाबाईंना पाच वर्षांत पहिल्यांदा कळतं की ते पाच धागे जालिंदरला पाठवताना त्यांनी काहीतरी सारिकाच्या घरातून न विचारता उचललं होतं.

"मी त्याला सांगितलं तर तो कोसळेल," त्या सिद्रामला म्हणतात. सिद्राम त्यांच्या शेजारीच रांगेत उभा आहे. "पाच वर्षं त्या राखीवर उभा आहे तो. उद्या सुटेल आणि परवा कुठेतरी निघून जाईल. संस्थेत पाऊलसुद्धा टाकणार नाही."

"जाईल तर जाईल."

"तुम्हाला सोपं आहे म्हणायला. तुम्ही मेलात."

सिद्राम आता हसतो, अगदी पूर्वीसारखा, खालच्या पडलेल्या दाताची फट दाखवत. मग पाय पुढे करतो. पायात चपला आहेत. शैलजाबाई त्या ओळखतात. सुटणाऱ्या माणसाला आत जमा केलेल्या स्वतःच्या चपला परत मिळतात, पण वर्षानुवर्षं पडून त्यांचं चामडं तडकलेलं असतं, घातल्या की तुटतात. म्हणून संस्थेची रीत आहे. सुटायच्या सकाळी गेटबाहेर नव्या चपलांचा जोड घेऊन उभं राहायचं. ह्या सव्वीस वर्षांत शैलजाबाईंची एकही सकाळ चुकलेली नाही. तापात, लग्नसराईत, नवऱ्याच्या तेराव्यानंतर तिसऱ्याच दिवशी त्या तिथे होत्या.

"ह्या कुनी आनल्या हुत्या?" तो विचारतो.

"मी."

"कुनाच्या नावानं?"

शैलजाबाई उत्तर शोधतात. आयुष्यात पहिल्यांदाच.

"कुनाच्याबी न्हाई," सिद्रामच सांगतो. "तुमच्याच. मी त्या घालूनच पुढची अकरा वर्सं चाललो, बाई. पोळ्या खाऊन न्हाई."

रांग पुढे सरकते. खिडकीपाशी शिपाई बसलाय. तो मान वर न करता अर्ज मागतो. शैलजाबाई पर्समधून मुलाखतीचा कोरा अर्ज काढतात. असे पाचपन्नास त्यांच्या पर्समध्ये कायम असतात, जन्म गेला भरण्यात. बंद्याचं नाव. भेटणाऱ्याचं नाव. बंद्याशी नातं. तिसऱ्या ओळीत त्या नेहमी 'सामाजिक संस्था' असं लिहितात, आणि शिपाई नेहमी शिक्का मारतो. आज तो मारत नाही. संस्था हे नातं नसतं, तो सांगतो, तुम्ही त्याच्या कोण ते लिहा.

मागे वरात ताटकळली आहे. सारिका उभी आहे. जाळीपलीकडे, बंद दारापुढे, हात खाली सोडून जालिंदर उभा आहे आणि दार उघडायची वाट बघतोय. शैलजाबाईंचा हात त्या दाराकडे जातो, इतक्या वर्षांच्या सवयीने. सिद्राम त्यांचं मनगट धरतो. त्याचा हात गार नाही. विणकराचा असावा तसा खरखरीत आहे.

"आदी लिवा," तो म्हणतो.

त्या वाकतात. टेबल नाही, कागद हातावर धरावा लागतो. पेन अडखळतं, मग चालू लागतं.

माग सुरू होतात.

म्हणजे ते थांबलेच नव्हते. पुढच्या खोलीत नेहमीचा खटखटाट चालू आहे, कुणीतरी रेडिओ लावलाय आणि घड्याळात साडेतीन वाजलेत. दार बंद आहे. खोलीत कुणी नाही. शैलजाबाईंचे डोळे ओले आहेत, पण छातीवरचं काहीतरी उतरलंय, ताप उतरावा तसं. उठायला म्हणून त्या हात टेकतात तर मुठीत पेन आहे, टोपण न लावलेलं. पर्स उघडी पडलीये. उशीशेजारी मुलाखतीचा अर्ज आहे.

त्यांना तो काढल्याचं आठवत नाही. पहिल्या दोन ओळी कोऱ्या आहेत. फक्त तिसरी भरलेली आहे. बंद्याशी नातं ह्या शब्दांपुढे, आडवं पडून लिहिताना होतं तसं तिरकं झालेलं अक्षर, पण त्यांचंच.

राखी पाठवणारी.

शैलजाबाई ते दोनदा वाचतात. जालिंदर हा कागद जाळीतून बघेल, मग त्यांच्याकडे बघेल, आणि मग जे व्हायचं ते होईल. शिव्या देईल, रडेल, उठून आत निघून जाईल. सारिकाच्या उंबऱ्यावर जायचं की नाही ते तो स्वतः ठरवेल आणि तिने दार उघडायचं की नाही ते ती ठरवेल. सकाळी सात वाजता गेटबाहेर मात्र त्या असणार आहेत, ह्याबद्दल त्यांच्या मनात काडीची शंका नाही.

अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं की खाडाखोड केलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही. खाडाखोड करायचा शैलजाबाईंचा विचारही नाही. वरच्या दोन ओळींत त्या सुवाच्य अक्षरात जालिंदरचं आणि स्वतःचं नाव लिहितात, सही करतात आणि निघतात.