मुक्या मशीनला आवाज

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्या कंपनीत मी पुण्याहून आले तेव्हा टेस्टिंगच्या टीममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो. एक मी आणि दुसऱ्या अक्का. ऑफिसात सगळेच त्यांना अक्का म्हणत, अगदी मॅनेजरसुद्धा. त्या मूळच्या बेळगावकडच्या. घरी मराठी, शाळेत कन्नड. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. ओळख करून घ्यायला मी त्यांच्या टेबलाशी गेले तर समोरचा मॉनिटर बंद, एका कानाला हेडफोन, आणि बोटं कीबोर्डवर भराभर चाललेली. मला वाटलं काहीतरी टाइप करतायत. त्या वाचत होत्या. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, तो त्यांनी इतका वेगात लावला होता की हेडफोन माझ्या कानाला लावल्यावर मला नुसती मोहरी तडतडल्यासारखी ऐकू आली.

"यातलं तुम्हाला सगळं कळतं?" मी विचारलं.

"तुझं पुणेरी मराठी कळतंय, तसंच की. सवय लागते," त्या म्हणाल्या.

आमची कंपनी लहान हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करायची. पेशंटची नोंद, केसपेपर, बिल वगैरे. मी रुळते आहे तोवर सीमेकडच्या एका तालुक्याच्या गावातून तक्रार आली. नोंदणीच्या एका काउंटरवर आमचा प्रोग्राम अडकत होता. पेशंटचं नाव-वय भरायचं, 'सेव्ह' दाबायचं, की सगळं थिजून जायचं. तिथली रिसेप्शनिस्ट मग कॉम्प्युटरच बंद करून परत चालू करायची. तोवर बाहेर लेकरं कडेवर घेतलेल्या बायकांची रांग वाढत जायची. आमच्या ऑफिसात मात्र तोच प्रोग्राम एकदाही अडकत नव्हता. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं म्हणणं ठरलेलं होतं: "त्यांचा कॉम्प्युटर जुना आहे. मेमरी पुरत नसणार."

तसाच जुना कॉम्प्युटर इथे तयार करायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी खरा जुना डबा शोधावा लागत नाही. आपल्याच कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा खोटा कॉम्प्युटर उभा करता येतो, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. त्याला मेमरी किती द्यायची, कुठली जुनी विंडोज घालायची, सगळं आपल्या हातात. मी मेमरी अगदी हात आखडून दिली, विंडोज जुनी घातली, आणि आमचा प्रोग्राम चालवून पाहिला. रखडत का होईना, चालला. 'सेव्ह' दाबलं की "केसपेपर छापायचा का?" असं विचारणारी छोटी चौकट यायची, 'हो' म्हटलं की काम पुढे. मीटिंगमध्ये मी सांगितलं, की इथे तर चालतंय.

अक्का शेजारीच बसल्या होत्या. हळूच मराठीत म्हणाल्या, "इथं चालतंय म्हणून तिथली रांग हटली काय? ते मशीन मला दे बघू."

मी मशीन त्यांच्या कॉम्प्युटरवर कॉपी करून, त्यातही त्यांचा बोलणारा प्रोग्राम घालून दिलं. त्यांनी ते सुरू केलं आणि ऐकत बसल्या. बराच वेळ काहीच हालचाल नाही.

"काय गं, हे मुकंच आहे."

मशीन बनवताना आवाजाची सोय मी बंद ठेवली होती. आम्ही सगळेच ठेवायचो. टेस्टिंगला आवाज कशाला लागतो, असं कुणी विचारही न करता. मी ओशाळून सेटिंग चालू केलं. तरी शांतता. मग शोधता शोधता कळलं, की मी दिलेलं साउंड कार्ड नव्या पद्धतीचं आहे आणि त्या जुन्या विंडोजला त्याची ओळखच नाही. मशीन बंद करून जुन्या पद्धतीचं कार्ड दिलं. पुन्हा सुरू केल्यावर हेडफोनमधून विंडोज उघडतानाची धून आली, आणि अक्कांनी "आला!" म्हणून टेबलावर थाप मारली.

पण एवढ्यावर भागलं नाही. आता बाहेरचा कॉम्प्युटरही बोलायला लागला आणि आतलाही. एकच बटण दाबलं की दोघंही उत्तर द्यायचे.

"दोन सासवा एकदम बोलायल्यात," त्या हसत म्हणाल्या. बाहेरच्याला त्यांनी पुरुषाचा आवाज ठेवला, आतल्याला बाईचा, आणि आतल्याचं हुकमाचं बटण बदललं. मग ती आतली बाई तोतरं बोलू लागली. मी कंजुषीनं दिलेल्या प्रोसेसरला बोलण्याचं ओझं पेलत नव्हतं. आणखी थोडी ताकद दिली तेव्हा कुठे ती नीट बोलली.

त्यांचं काम मी पहिल्यांदाच इतकं जवळून पाहत होते. प्रत्येक बदलाआधी त्या मला आहे त्या स्थितीचा स्नॅपशॉट घ्यायला लावायच्या, म्हणजे बिघडलं तर तिथे परत जाता येईल. मी घाईनं दोन सेटिंगं एकदम बदलायला गेले तर म्हणाल्या, "स्वल्प थांब. एका वेळी एकच. दोन बदललीस तर कशानं झालं ते देवालाबी कळायचं नाही." कॉलेजात मी टेस्टिंगवरची जाड पुस्तकं वाचली होती, पण ही शिस्त मला त्या टेबलाशी उभी राहून कळली.

मशीन बोलू लागलं, तरी प्रोग्राम काही अडकेना. तेव्हा अक्कांनी सरळ त्या हॉस्पिटलला फोन लावला. आमच्यापैकी कुणाला हे सुचलं नव्हतं. आम्ही फक्त तक्रारीचा ईमेल वाचत होतो. स्पीकरवर रिसेप्शनिस्ट आली, अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलणारी.

"अडकतं तेव्हा ऐकायला काय येतंय?" अक्कांनी विचारलं.

"ऐकायला?" ती गोंधळली. "काय नाही हो अक्का. क्लिक केलं की नुसतं टुंग म्हणतंय बघा. कितीबी दाबा, टुंग, टुंग."

अक्का खुर्चीत ताठ बसल्या. "स्क्रीन केवढा आहे तुमचा?"

"लहानच की. जुना, चौकोनी. शेजारच्या काउंटरला मोठा आलाय, तिथं अडकत नाही."

फोन ठेवल्यावर अक्का मला म्हणाल्या, "थिजलेला प्रोग्राम टुंग म्हणत नाही. टुंग म्हणजे तो कशाची तरी वाट बघतोय. आपल्या मशीनचा पडदा केवढा?"

मी पाहिलं. मेमरी, विंडोज, प्रोसेसर, सगळं जुनं दिलं होतं, आणि पडदा मात्र माझ्या मोठ्या मॉनिटरएवढा पसरलेला. तो मी लहान चौकोनी केला. अक्कांनी एका काल्पनिक पेशंटचं नाव भरलं, वय भरलं, 'सेव्ह' दाबलं.

सगळं थिजलं. मी माउसनं क्लिक केलं, तर हेडफोनमधून बारीकसा आवाज आला. टुंग.

"अडकलं!" मी ओरडलेच.

"कुठं अडकलंय? बाई विचारतेय की. केसपेपर छापायचा का, हो किंवा नाही." त्यांनी हेडफोन काढून स्पीकर लावला.

तोवर प्रोग्राम लिहिणारे दोघं-तिघं मागे जमले होते. त्यांच्यातला एक जण हिंदीत म्हणाला, "पण स्क्रीनवर तर काहीच दिसत नाहीये."

"मला तरी कुठं दिसतंय?" अक्का म्हणाल्या आणि एंटर दाबलं. प्रोग्राम सुरळीत पुढे गेला.

ती छोटी चौकट रुंद पडद्याच्या हिशोबानं उजवीकडे मांडलेली होती. लहान पडद्यावर ती कडेच्या बाहेर उघडत होती आणि तिथे, कुणाला न दिसता, उत्तराची वाट पाहत होती. दुरुस्ती अगदी किरकोळ निघाली, चौकट नेहमी पडद्याच्या मधोमध उघडायची. नवा प्रोग्राम पाठवल्यावर रिसेप्शनिस्टचा फोन आला तो थेट अक्कांसाठीच.

पुढच्या मीटिंगमध्ये मॅनेजर भारावून बोलू लागले, की दृष्टी नसतानाही अक्कांनी वगैरे. अक्कांनी त्यांना मध्येच थांबवलं. "सर, त्याचं काही नाही. तिथल्या बाईला फोन करून विचारलं म्हणून सापडलं. विचारायला सगळ्यांनाच येतंय." मॅनेजर "सरी, अक्का" म्हणून, म्हणजे बरं म्हणून, हसले. मला अक्कांच्या हुशारीइतकंच ते स्पष्ट बोलणंही आवडलं. त्यांना कौतुक नको होतं असं नाही, पण ते नेमक्या गोष्टीचं व्हायला हवं होतं.

दिवाळीला अक्का आपल्या गावी गेल्या, तेव्हा वाट वाकडी करून त्या हॉस्पिटलातही जाऊन आल्या. काउंटरच्या मागे स्टुलावर बसून सगळं ऐकत राहिल्या, म्हणे. रिसेप्शनिस्टनं त्यांना घरी जेवायलाही नेलं. परत आल्या त्या नव्या तक्रारी तोंडपाठ करूनच. तिथल्या प्रिंटरपासून सुरुवात करू, तसं नवं मशीन उभं कर, असं मला सांगत त्यांनी पिशवीतून बेळगावचा कुंदा काढून माझ्या हातावर ठेवला.

"आधी खा. आणि हात पूस गं, कीबोर्ड चिकट करशील," त्या म्हणाल्या.